त्रिशूळवाली गाडी, पंधरा लाखात?

गॅरेजच्या ओट्यावरून : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात प्रश्न बरेच आलेत पण चारच घेतोय, कारण पहिल्यानेच निम्म्याच्या वर जागा खाल्ली. त्यात माझी चूक नाही, गाडीच तशी आहे.

प्रश्न : दादा नमस्कार. मी शहाद्याजवळच्या गावचा, आमची पपई नि केळी. मेव्हण्याने मोबाईलवर एक जाहिरात पाठवली, "मासेराती घिब्ली, १९६९ मॉडेल, मेड इन इटली, जगात असं एकच पीस, अर्जंट सेल, फक्त पंधरा लाख". फोटोत लाल गाडी आहे, बॉनेट खाटेएवढं लांब आणि पुढच्या जाळीवर चक्क त्रिशूळ. विकणारा म्हणतो गाडी मुंबईला बंदरात कस्टममधे उभी आहे, पन्नास हजार टोकन टाका, लगेच पेपर पाठवतो. वडिलांना दाखवली तर म्हणाले "त्या लोखंडले इतला पैसा कसाले?" पण मला दोन रात्री झोप नाही. अशी गाडी खरंच असते का, कंपनी कोणाची, त्रिशूळ आहे म्हणजे मालक आपल्याकडचा आहे का, आणि घ्यावी का?
(एक वाचक, ता. शहादा)

उत्तर : भाऊ, आधी टोकनचं. पाठवू नका. पाठवून बसला असाल तर वाचणं इथंच थांबवा, १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे त्याच्यावर फोन लावा, बँकेला कळवा, आणि मग निवांत चहा घेऊन पुढचं वाचा.

आता गाडी. घिब्ली शंभर टक्के खरी आहे आणि फोटोही बहुतेक खऱ्याच गाडीचा असेल, कुठल्यातरी परदेशी लिलावातून उचललेला. खोटी आहे ती किंमत आणि ते "एकच पीस". मासेरातीने ही गाडी १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या तुरिनच्या मोटर शोमधे दाखवली, पुढे १९७३ पर्यंत बनवली, आणि तेवढ्या काळात साडेअकराशेच्या आसपास कूपे म्हणजे बंद टपाच्या नि सव्वाशे स्पायडर म्हणजे उघड्या टपाच्या निघाल्या. आपल्याकडे एका तालुक्यात याच्यापेक्षा जास्त ट्रॅक्टर एका सीझनला पासिंग होत असतील, तर दुर्मिळ आहेच, पण एकच नाही. चांगली ठेवलेली बंद टपाची घिब्ली परदेशात दीड-दोन लाख डॉलरच्या घरात जाते, म्हणजे आपले सव्वा कोटी धरूनच चाला, आणि स्पायडर त्याच्याही कितीतरी वर. पंधरा लाखात तिचं इंजिन काम धड होईल की नाही याची मला शंका आहे. तुम्ही शहाद्याचे, सारंगखेड्याची यात्रा तुमच्या दारातली. तिथं कोणी पंचकल्याणी मारवाडी घोडा पाच हजारात द्यायला लागला तर तुम्ही लगाम हातात घ्याल का आधी त्याचं तोंड उघडून दात बघाल?

त्रिशूळाचं मात्र तुमच्यासारखंच मलाही वाटलं होतं, पहिल्यांदा पाहिला तेव्हा. महादेवाचा नाही तो. इटलीत बोलोन्या नावाचं गाव आहे, तिथं मोठ्या चौकात नेपच्यूनचा म्हणजे त्यांच्या समुद्राच्या देवाचा कारंजा आहे, सोळाव्या शतकातला, आणि त्या देवाच्या हातात त्रिशूळ आहे. मासेराती कंपनी त्याच गावात १ डिसेंबर १९१४ ला सुरू झाली. ती काढणारे मासेराती भाऊ सगळे इंजिन-मशीनवाले, एकटा मारिओ चित्रकार, त्याने तो चौकातला त्रिशूळ उचलून गाडीचं चिन्ह करून दिलं. बाकी भाऊ ज्या गाड्या बनवायचे त्या आज म्युझियममधे आहेत, मारिओने बनवलं ते आजही प्रत्येक गाडीच्या नाकावर आहे. चित्रकाराला घरात कमी लेखू नये ते याच्यासाठी.

आणि सुरुवात गाड्यांपासून नव्हती बरं का. आल्फिएरी मासेराती, भावांमधला खरा डोकेबाज, त्याने आधी स्पार्क प्लग बनवले, पहिल्या महायुद्धाच्या काळात. फवारणी पंप चालू होत नाही म्हणून आपण जो प्लग काढून दातांनी कागद फाडून घासतो नि पुन्हा बसवतो, तोच प्लग. स्वतःच्या नावाची पहिली गाडी यायला १९२६ उजाडलं, तिचं नाव टिपो २६, इंजिन दीड लिटरचं, आणि आल्फिएरी स्वतः ती घेऊन सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत उतरला. डोंगरातले कच्चे रस्ते, बाजूच्या सीटवर मेकॅनिक, आणि पहिल्याच झटक्यात आपल्या गटात पहिला नंबर. त्या बाजूच्या सीटवरच्या मेकॅनिकचं नाव गुएरीनो बेर्तोक्की. हा माणूस पुढे कित्येक दशकं कंपनीत राहिला, गाडी बाहेर पडायच्या आधी चालवून "हां, आता द्या" म्हणणारा हाच. मला स्वतःला मालकांपेक्षा त्याच्याबद्दल जास्त माया आहे, कारण विचारू नका, ओट्यावर बसणाऱ्याला ओट्यावरचाच माणूस दिसतो.

शर्यतीचं सगळं सांगत बसलो तर संपादक पान कापतील म्हणून दोनच सांगतो. अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची शर्यत असते, तिथं १९३९ आणि १९४० अशी लागोपाठ दोन वर्षं विल्बर शॉ मासेराती घेऊन जिंकला. दुसरं म्हणजे १९५७, जर्मनीत न्यूरबुर्गरिंग, एक चक्कर जवळपास तेवीस किलोमीटरची आणि वळणं अशी की आपला कन्नड घाट सरळ वाटावा. चालवणारा फांजिओ, वय सेहेचाळीस, गाडी मासेराती २५०एफ. मधे टायर बदलायला नि पेट्रोलला थांबला तर पोरांनी वेळ घालवला, बाहेर पडला तेव्हा पुढच्या दोन फेरारी पाऊण मिनिटापेक्षा जास्त पुढे निघून गेलेल्या. मग या बाबाने जवळपास प्रत्येक चकरीला आधीच्या चकरीचा रेकॉर्ड मोडत मोडत शेवटून दुसऱ्या चकरीत दोघांनाही गाठलं आणि जिंकला, त्याच शर्यतीत पाचव्यांदा जगज्जेता झाला. जुने लोक अजून सांगतात की याच्याइतकी चालवलेली शर्यत परत झाली नाही, मी तर फक्त जुनी चित्रफीत बघूनच घामाघूम झालो.

पण त्याच वर्षी कंपनी कर्जात बुडाली आणि शर्यतींमधून बाहेर पडली. जिंकण्याने पोट भरत नाही हे पहिलवानांना विचारा. मग रस्त्यावर चालवायच्या महागड्या गाड्या विकून जगायचं ठरलं, आधी ३५०० जीटी, मग बाकीच्या, आणि त्या रांगेत तुमची घिब्ली. म्हणजे तिच्यातलं आठ सिलिंडरचं इंजिन हे शर्यतीतल्या ४५०एस गाडीच्या इंजिनचा वंश आहे. घोड्याच्या भाषेत, बाप रेसचा होता, पोरगं वरातीला काढलंय.

घिब्लीचं डिझाईन जुजारो नावाच्या इटालियन डिझायनरचं, तेव्हा तो गिया नावाच्या कारखान्यात होता, अजून तिशी गाठलेली नव्हती. इंजिन ४.७ लिटर, म्हणजे आपल्या गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा मोठं, ताकद तीनशे घोड्यांच्या वर. आता एवढं मोठं इंजिन असून बॉनेट इतकं चपटं कसं? बाकी गाड्यांमधे ऑइल इंजिनच्या खालच्या तगाऱ्यात असतं, त्यामुळे इंजिन उंच बसवावं लागतं. घिब्लीत ऑइलची टाकी वेगळी, पंप ऑइल ओढून घेतो नि परत पाठवतो, खालचं तगारं जवळपास कोरडं, म्हणून त्याला ड्राय सम्प म्हणतात, आणि म्हणून इंजिन जमिनीला टेकेल इतकं खाली बसतं. दिवे बॉनेटमधे लपलेले, बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यासारखे वर येतात. पेट्रोलच्या टाक्या दोन, मागे दोन्ही बाजूंना वेगवेगळी झाकणं, मिळून शंभर लिटर. ॲव्हरेज विचारू नका, पाच-सहा मिळाला तर नारळ फोडा.

आणि आता गंमत ऐका. एवढी सगळी ऐट, अडीचशेच्या वर स्पीड, आणि मागे काय? पाटे. आपल्या पिकअपला, जीपला असतात तेच पोलादी पाट्यांचे थर आणि एकसंध ॲक्सल. तेव्हाच्या लोकांनी याच्यावर नाकं मुरडली होती, बाकीच्या मोठ्या इटालियन गाड्या तोवर पुढे गेल्या होत्या. मासेरातीचं म्हणणं साधं होतं, मजबूत आहे, आवाज करत नाही, बिघडत नाही. मला विचाराल तर बरोबर होते, म्हणजे धुळ्याच्या पाटेवाल्याकडे तिचा पाटा नेला तर तो एकही प्रश्न न विचारता कमान काढून देईल.

तर खरी घिब्ली समोर आली तर बघायचं काय? रंग बघू नका, रंग कोणालाही मारता येतो. सारंगखेड्याला जाणकार माणूस काय करतो, घोड्याची झूल बाजूला सारतो, दात बघतो, भोवरे बघतो, डोळ्याखाली आसूढाळ (वाईट मानतात ती खूण) तर नाही ना, मग चालवून बघतो आणि शेवटी विचारतो बाप कोण, आई कोण. गाडीचे दात म्हणजे चासी नंबर. घिब्लीचा नंबर एएम ११५ ने सुरू होतो, तो चासीवर ठोकलेला असतो आणि इंजिनवरही, आणि त्या काळच्या मासेरातीत बहुतेक वेळा दोन्ही जुळतात. जुळले तर एक भाव, इंजिन बदललेलं असलं तर दुसरा भाव, आणि फरक लाखात असतो. स्पायडर असेल तर जास्तच डोळे उघडे ठेवा, कारण बंद टपाच्या गाडीचं टप कापून स्पायडर म्हणून विकणारे जगभर आहेत, दात घासून घोड्याचं वय लपवणाऱ्यांचे ते चुलत भाऊ. इटलीत मोदेना गावाला, जिथं कंपनी आता आहे, तिथं कंपनीकडे जुन्या गाड्यांच्या नोंदी आहेत, कुठली गाडी कधी निघाली, कुठल्या रंगाची होती, ते बघून कंपनी गाडी अस्सल असल्याचं सर्टिफिकेट देते. विकणाऱ्याला चासी नंबर मागा, फक्त नंबर, फोटोसकट. खरा असेल तर पाच मिनिटात पाठवेल. खोटा असेल तर म्हणेल आधी टोकन.

हे मी शहाणपणाने नाही, फटका खाऊन शिकलोय. पंचवीस एक वर्षं झाली, मुंबई-आग्रा रोडवर धुळ्याच्या अलीकडे एका एजंटकडे (नाव घेत नाही, माणूस आता हयात नाही) जुनी फियाट घेतली, बावीस हजारात. चकाचक काळा रंग, नवी सीट कव्हरं, आत अगरबत्तीचा वास. घरी आणून बॉनेट उघडलं, रॉकेलच्या फडक्याने मागचा पत्रा पुसला, जुन्या टूथब्रशने नंबरपट्टीभोवतीची ग्रीस काढली, आणि मग दिसलं. पट्टी गंजलेली, तिच्यावरचे अक्षर झिजलेले, पण तिला धरून ठेवणारे चारही रिव्हेट नवेकोरे, चांदीसारखे चमकत होते. दुसऱ्या गाडीची पट्टी काढून हिच्यावर बसवली होती. ट्रान्सफर झालं नाही, गाडी शेवटी भंगारात गेली, बायको अजून अगरबत्ती लावली की माझ्याकडे बघते. म्हणून सांगतो, नंबर बघाल तेव्हा नंबर नंतर बघा, आधी रिव्हेट बघा.

शेवटचं, खरी मिळाली तरी. बहुतेक घिब्ली डाव्या स्टिअरिंगच्या, आणि आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२० वं कलम म्हणतं की डाव्या स्टिअरिंगची गाडी सिग्नल देणारं चालू स्थितीतलं साधन असल्याशिवाय चालवायची नाही. आयातीला परवानगी, कस्टम ड्युटी, ते सगळं वेगळंच महाभारत, त्याच्यासाठी जहाजावर चढण्याआधीच आयातीचं काम करणारा अधिकृत माणूस गाठावा लागतो. गाडी बंदरात येऊन उभी राहिली आणि मग गिऱ्हाईक शोधतोय, असं सरळ माणूस करत नाही. आणि शहादा-दोंडाईचा रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासल्याशिवाय राहणार नाही हे तर तुम्हाला मी सांगायलाच नको. वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण लोखंड म्हणाले ते काही मला पटलं नाही.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर, ड्रायव्हर होतो, आता लोको पायलट म्हणतात. मागच्या अंकात तुम्ही मासेराती "चार भाऊ" लिहिलंत, माझा नातू सहा सांगतो. बरोबर कोण? आणि भावाभावांचा धंदा असून वाटणीवरून भांडणं झाली नाहीत का? आमच्याकडे तर बांधावरून होतात.
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : काका, नातू जिंकला, त्याला कुल्फी द्या, पैसे माझ्याकडून. जन्मले सात, जगले सहा. कार्लो, बिंदो, आल्फिएरी, मारिओ, एत्तोरे आणि एर्नेस्तो. सातवा जो होता त्याचंही नाव आल्फिएरीच, तो तान्हा असतानाच गेला आणि पुढच्या मुलाला आईवडिलांनी तेच नाव ठेवलं. मी चार लिहिले कारण कार्लो १९१० मधेच वारला आणि मारिओ चित्रकार, तर कारखान्यात हात काळे करणारे चार उरतात, पण ही माझी पळवाट झाली, चूक ती चूक.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट. त्यांचे वडील, रोदोल्फो, रेल्वेत होते, इंजिनवर. गाव वोगेरा, ते पण जंक्शन. म्हणजे ही सगळी फेरारीला घाम फोडणारी मंडळी मुळात रेल्वे कॉलनीतली पोरं, बापाच्या कपड्यांचा तेल-कोळशाचा वास घेत वाढलेली. तुमच्या भुसावळच्या किती घरांमधे हे असंच आहे तुम्हीच सांगा, बाप लोको शेडला नि पोरं आयटीआय करून मशीनवर.

वाटणीचं म्हणाल तर भांडण नाही झालं, वाईट त्याच्यापेक्षा झालं. आल्फिएरी १९३२ मधे गेला, जुन्या अपघाताचं दुखणं होतं, ऑपरेशन झालं त्यातून उठला नाही. वय चव्वेचाळीस. बाकीचे भाऊ हाताने कसबी पण हिशोबाने कच्चे, पाच वर्षं कसंबसं रेटलं आणि १९३७ मधे कंपनी मोदेनाच्या अदोल्फो ओर्सीला विकली. हा ओर्सी भंगार-लोखंडाच्या धंद्यातून वर आलेला, त्याला व्यवहार कळत होता. करारात एक अट होती, भावांनी दहा वर्षं कंपनीत नोकरी करायची. विचार करा काका, दारावर आपलं आडनाव आणि हजेरी दुसऱ्याच्या रजिस्टरमधे. कंपनीचा कारखाना बोलोन्याहून मोदेनाला गेला, अजून तिथंच आहे. त्यांनी दहा वर्षं पूर्ण केली, एक दिवस कमी नाही, आणि १९४७ मधे उठून परत बोलोन्याजवळ आले आणि नवीन कारखाना काढला. स्वतःचं आडनाव विकून टाकलेलं, ते वापरता येईना, म्हणून नाव ठेवलं ओस्का. छोट्या इंजिनच्या शर्यतीच्या गाड्या. आणि १९५४ मधे अमेरिकेत सेब्रिंगला बारा तासांच्या शर्यतीत त्यांची दीड लिटरची चिमुरडी गाडी मोठमोठ्या इंजिनच्या गाड्यांना मागे टाकून पहिली आली, चालवायला स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉइड. तेव्हा तिघंही भाऊ म्हातारपणाकडे झुकलेले. ही बातमी त्यांना कळली तेव्हा घरात काय झालं असेल याचा मी कधीकधी उगीच विचार करत बसतो.

तिकडे मूळ कंपनी मात्र हातोहात फिरली, ओर्सीकडून १९६८ मधे फ्रान्सची सिट्रोएन, त्यांनी १९७५ मधे हात वर केले, मग दे तोमासो, मग १९९३ मधे फियाट, मधे काही वर्षं चक्क फेरारीच्या ताब्यात (ज्यांच्याशी जन्माचं वैर!), आणि आता स्टेलांटिस नावाची कंपनी. एवढे धनी झाले पण मारिओचा त्रिशूळ कोणी काढला नाही.

प्रश्न : काका, घिब्ली म्हणजे काय? मिस्त्राल, बोरा, खामसिन अशीपण नावं आहेत. मी आठवीत आहे.
(अमळनेर)

उत्तर : वारे आहेत सगळे. मिस्त्राल फ्रान्सच्या दक्षिणेचा थंड वारा, बोरा इटलीत त्रिएस्तकडे सुटतो तो, पण घिब्ली आणि खामसिन आपल्या ओळखीचे, दोन्ही वाळवंटातले आग ओकणारे. घिब्ली लिबियात दक्षिणेकडून येतो, सगळीकडे धूळ. खामसिन इजिप्तचा, अरबीत खामसिन म्हणजे पन्नास, पन्नासेक दिवसांच्या त्या हंगामात सुटत राहतो म्हणून. मे महिन्यात दुपारी दोनला अमळनेरच्या स्टँडवर उभा राहा, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस असतो, तोंडावर येते ना ती झळ, तिला जर इटलीवाल्यांनी पाहिलं असतं तर एक गाडी आपल्या नावाने पण निघाली असती. आणि हो, मेराक नावाची पण एक गाडी आहे, तो वारा नाही, तारा आहे, वर्गात कोणी फसवलं तर सांग.

प्रश्न : आमच्या गोठ्याच्या बाजूच्या खोलीत सासऱ्यांची फियाट पडून आहे, वीस वर्षं झाली. मिस्टर म्हणतात भंगारवाला तीस हजार देतो, देऊन टाकू, जागा मोकळी होईल. सासरे जेवण टाकून बसलेत, म्हणतात "ही पण इटालियनच आहे". काय करावं? पेपर आहेत, आरसी बुक आहे. एक सांगते, तिचं पुढचं दार उलटं उघडतं, सासूबाई सांगतात की उतरताना दर वेळी पदर अडकायचा.
(एक वाचक भगिनी, चोपडा)

उत्तर : ताई, भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवा. आणि सासऱ्यांना सांगा जेवून घ्या, ते बरोबर आहेत. आपण जिला नुसतं फियाट म्हणायचो ती मूळ इटलीची फियाट ११००, तुरिनची, आपल्याकडे प्रीमियर कंपनी मुंबईत कुर्ल्याला बनवायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. वरच्या शहाद्याच्या भावाची सव्वा कोटीची घिब्ली बनवणारी कंपनी ज्या फियाटने पुढे ताब्यात घेतली तीच ही फियाट, म्हणजे लांबची का होईना भावकी आहे.

आणि तुमच्या पदराने माझं काम सोपं केलं. पुढचं दार मागच्या बाजूला बिजागरी असलेलं, म्हणजे उलटं उघडणारं, हे जुन्या ११०० चं लक्षण. १९६४ च्या सुमारास डिलाईट आली तिला दार सरळ झालं. म्हणजे तुमची गाडी त्याच्या आधीची, वयाने साठी ओलांडलेली. आता २०२१ पासून केंद्राचा नियम आहे, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबर प्लेटवर व्हीए अशी अक्षरं येतात. आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो. नवीन रजिस्ट्रेशनची फी वीस हजार, फेरनोंदणीची पाच हजार, मुदत दहा वर्षं. रोज बाजाराला न्यायची नाही, भाड्याने फिरवायची नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला चालेल. अर्ज ऑनलाइन करता येतो, आरसी बुक तेवढं जपून ठेवा, उंदरांच्या हाती लागू देऊ नका.

मिस्टरांना एवढंच सांगा की घाईने रंग मारायचा नाही, घासायचं मशीन लावून पत्रा खरवडायचा नाही, आणि चालू होते का बघायला एकदम सेल्फ मारायचा नाही. वीस वर्षं उभं इंजिन आतून जाम असतं, जोर केला तर तुटेल. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे साधं इंजिन ऑइल सोडा, आठ दिवस राहू द्या, मग हँडल घालून हाताने हळूच फिरवून बघा. फिरलं तर मला कळवा, नाही फिरलं तरी कळवा. आणि बॉनेट उघडून नंबरपट्टीचा फोटो पाठवा, रिव्हेटसकट.